पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेले मूल पुन्हा का खंगते? रोख मदत आणि आहारशिक्षण यांविषयी चर्चा

स्वर्णरेखा (लष्कर, ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या मराठी महिलांच्या लहानशा मंडळाकडे दरवर्षी देणग्यांतून काही रक्कम जमते. आजवर ती शालेय साहित्यावर आणि दिवाळीच्या वाटपावर खर्च होत आली. यंदा ती ग्वाल्हेर जिल्ह्यातील घाटीगाव आणि भितरवार भागांतील सहरिया या आदिवासी जमातीच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी वापरावी, आणि त्यातही पोषण पुनर्वसन केंद्रात उपचार घेऊन नुकत्याच घरी गेलेल्या मुलांसाठी वापरावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे. मंडळातील बहुतेकींना शिध्याची पिशवी द्यावी असे वाटते. माझे मत असे आहे की सहा महिने आईच्या हाती रोख रक्कम द्यावी आणि त्याच सहा महिन्यांत तिच्या घरी जाऊन, तिच्याच चुलीवर, मुलाचे खाणे कसे करायचे ते दाखवावे. निर्णयापूर्वी या विषयातील जाणकारांचे म्हणणे ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

मी गृहविज्ञान शिकवत असे आणि निवृत्तीनंतर येथील एका केंद्रात आयांना स्वयंपाक दाखवायला जाते, त्यामुळे तिथले काम जवळून पाहते. ज्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, किंवा उंचीच्या मानाने ज्याचे वजन फारच कमी आहे, किंवा ज्याच्या दोन्ही पावलांवर सूज आहे, आणि त्यासोबत आजारपण आहे किंवा भूकच मेलेली आहे, अशा मुलाला आईसह दाखल करून घेतात. मुक्काम साधारण चौदा दिवसांचा असतो. सुरुवातीला एफ-७५ हे सौम्य दूध देतात, मूल सावरले की एफ-१०० देतात, आणि नंतर हळूहळू खिचडी, हलवा असे घरचे अन्न सुरू करतात. मूल मान वर करून बघू लागते, वाटीकडे हात नेते, वजनकाट्यावरचा आकडा रोज थोडा पुढे सरकतो. मग सुटी होते आणि पुढे दर पंधरवड्याला एक याप्रमाणे चार तपासण्या ठरवून दिलेल्या असतात. त्या संपल्या की मूल केंद्राच्या नोंदवहीतून बाहेर पडते. त्याच्या घरातली परिस्थिती मात्र, ज्या दिवशी ते दाखल झाले होते, त्या दिवशी होती तशीच असते.

यातली काही मुले पुन्हा येतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एक आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र कुपोषणातून बरी झालेली मुले पुन्हा त्याच अवस्थेत जाण्याचे प्रमाण शून्यापासून ३७ टक्क्यांपर्यंत आढळले. एवढा फरक पडण्याचे एक कारण असे की कोणी तीन महिने पाहतो, कोणी वर्षभर, आणि ‘बरे झाले’ हेही सगळीकडे एकाच मापाने ठरत नाही.

रोख रकमेच्या बाजूने मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातील आहे आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र कुपोषणावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या दोन्ही गटांना औषधोपचार आणि समुपदेशन सारखेच होते. एका गटातील कुटुंबांना त्याशिवाय दरमहा ४० डॉलर, सहा महिने, कोणतीही अट न घालता दिले गेले. सहा महिन्यांनंतर पैसे मिळालेल्या गटातील सुमारे ८० टक्के मुले पूर्णपणे सावरलेली होती. नुसते समुपदेशन मिळालेल्या गटात हे प्रमाण ४० टक्क्यांहूनही कमी होते आणि अनेक मुले सुटीनंतर पुन्हा घसरली होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, खर्च आणि स्थानिक परिस्थिती पाहून, उपचारांच्या काळात व त्यानंतर अशी रोख मदत देता येईल, असे म्हटले आहे.

मग नुसते पैसेच का देऊ नयेत? कारण बांगलादेशातील अनुभव वेगळे सांगतो. तिथे २०१२ ते २०१४ या काळात काही गरीब कुटुंबांना नुसती रोख रक्कम, काहींना नुसते धान्य आणि काहींना रोख रकमेसोबत नियमित आहारशिक्षण देण्यात आले. मुलांच्या खुंटलेल्या उंचीचे प्रमाण लक्षणीयरीत्या, म्हणजे सुमारे सात टक्केबिंदूंनी, घटले ते फक्त रोख आणि शिक्षण एकत्र मिळालेल्या कुटुंबांत. तिथला प्रश्न पुन्हा घसरण्याचा नव्हता, उंची खुंटण्याचा होता, हे ध्यानात ठेवून मी हे लिहीत आहे. तरीही दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की मला एवढे स्पष्ट दिसते की पैसा आणि ज्ञान एकाच वेळी, एकाच बाईच्या हाती पडले पाहिजे.

शिक्षण म्हणजे काय, याचे एकच उदाहरण देते. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर अन्न मावते, म्हणजे आठ किलोच्या मुलाच्या पोटात जेमतेम एक मोठी वाटी. ती वाटी डाळीच्या पाण्याने भरली तर पोट भरते आणि अंगी काही लागत नाही. म्हणून आम्ही आयांना चमचा तिरका करून दाखवतो. खिचडी चमच्यावरून वाहून गेली तर ती पातळ आहे, टिकून राहिली तर बरोबर आहे. मग वरून एक चमचा तेल घालायचे, म्हणजे साधारण ४५ किलोकॅलरी वाढतात आणि वाटीतली जागा वाढत नाही. हे आईला एकदा हाताने करायला दिले की ती विसरत नाही. पण घरी तेलाची बाटली महिन्याच्या दहाव्या दिवशी संपत असेल, तर ती करणार काय?

मला तीन गोष्टींवर मत हवे आहे. रक्कम किती असावी, ती कोणत्या मार्गाने द्यावी, आणि घरी जाऊन शिकवणारी व्यक्ती कोण असावी.

जयाजीचौक (ग्वाल्हेर)

स्वर्णरेखाताई, प्रस्ताव विचारपूर्वक मांडला आहे. मी आयुष्यभर बँकेत काम केले आहे, त्यामुळे माझ्या शंका बँकेच्या खिडकीच्या आतून आलेल्या आहेत.

पहिली शंका अशी की आपल्या मध्य प्रदेशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर आधीच चालू आहे. बैगा, भारिया आणि सहरिया या तीन जमातींच्या कुटुंबांतील महिला प्रमुखाच्या खात्यात डिसेंबर २०१७ पासून आहार अनुदान म्हणून दरमहा १००० रुपये जमा होऊ लागले आणि पुढे ती रक्कम १५०० झाली. आपण ज्या वस्त्यांविषयी बोलत आहात, तिथे हा पैसा पोहोचत असेल, तर वेगळ्या रकमेने नेमके काय साधणार?

दुसरी शंका पैसा हाती पडण्याची. खात्यात रक्कम जमा होणे आणि बाईच्या हाती नोट येणे यांत बरेच अंतर असते. आधार जोडलेला नसतो, केवायसी मुदतीत झालेले नसते म्हणून खाते थांबवलेले असते, खाणीत किंवा शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, आणि बँकेच्या वतीने पैसे देणारा कियोस्कवाला ‘सर्व्हर नाही’ म्हणून दोनदा परत पाठवतो. प्रत्येक फेरीत मजुरी बुडते आणि भाडे जाते.

तिसरी शंका सर्वांच्या मनात असते, म्हणून स्पष्टच विचारतो. हा पैसा दारूत गेला तर काय करायचे?

बालवैद्य (ग्वाल्हेर)

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये अनेक देशांतील रोख साहाय्याच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. अशा मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यात आढळले नाही. घराघरांत अपवाद असणारच, पण धोरण अपवादावर बेतू नये.

आता मूळ विषयाकडे. ‘पुन्हा कुपोषित झाले’ असे आपण ज्या मुलांविषयी म्हणतो, त्यांतील बरीच मुले मुळात पूर्ण बरी झालेलीच नसतात. आपल्याकडे २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेपासून सुटीसाठी दाखल वजनाच्या १५ टक्के वाढ हा निकष वापरला जात आला आहे. सहा किलोचे मूल ६.९ किलोचे झाले की निकष पुरा होतो, पण उंचीच्या मानाने ते अजूनही तीव्र किंवा मध्यम कुपोषणाच्या पट्ट्यात असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले की टक्केवारीतील वाढ हा सुटीचा निकष मानू नये. दंडाचा घेर किमान १२.५ सेंटिमीटर असावा, किंवा उंचीनुसार वजन वाढीच्या प्रमाणित तक्त्यातील उणे दोनच्या रेषेवर तरी असावे, आणि सूज दोन आठवडे नसावी. चौदा दिवसांत हे गाठणे बहुतेक मुलांना अशक्य असते. त्यामुळे केंद्रातील मुक्काम हा उपचारांचा पहिला टप्पा समजावा आणि उरलेला टप्पा घरी पार पडतो असे धरून योजना आखावी. माझ्या मते आपल्या मंडळाची मदत ‘बरे झालेल्या’ मुलांसाठी नसून ‘अर्ध्या वाटेवर असलेल्या’ मुलांसाठी आहे, आणि म्हणूनच ती सुटीच्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे, महिन्या-दोन महिन्यांनी नव्हे. सर्वाधिक घसरण पहिल्या काही महिन्यांतच होते.

एक गोष्ट मात्र अत्यंत आग्रहाने सांगतो. जे मूल पैसे आणि खाणे दोन्ही मिळूनही वाढत नाही, त्याच्या घरात क्षयरोगी आहे का, हे आधी पाहा. जबलपूरच्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेने मध्य प्रदेशातल्याच श्योपूर जिल्ह्यातील सहरियांची जी पाहणी केली आणि जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे १५१८ आढळले होते. हा आकडा देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. दगडखाणीत काम करणारा बाप खोकत असतो आणि मूल त्याच खोलीत झोपते. अशा मुलाच्या आईला खिचडीचा घट्टपणा शिकवत बसणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. क्षयरोगाचे निदान झाले तर त्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा मदत मिळते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली. ती मिळवून देणे हेही याच कामाचा भाग मानावे.

जुलाबाच्या बाबतीत ओआरएससोबत जस्ताची गोळी पूर्ण चौदा दिवस द्यावी लागते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई गोळी बंद करते आणि उरलेली पट्टी छपराच्या वाशात खोचून ठेवते. घरी जाणाऱ्या व्यक्तीने ती पट्टी मागून पाहावी.

पर्यवेक्षिका (मुरार)

मी या भागातील अंगणवाड्यांच्या देखरेखीचे काम करते. ज्या वस्त्यांची चर्चा चालू आहे, त्यांतील काहींत माझे नियमित जाणे असते, म्हणून सविस्तर लिहिते.

जयाजीचौक काकांनी आहार अनुदानाविषयी विचारले. ते पैसे येतात, आणि ते येऊ लागल्यापासून घरात किमान पीठ-मीठ असते, हे मी नाकारणार नाही. पण आता एकाच खात्यात दोन-तीन योजनांचे पैसे जमा होतात. कोणता पैसा कशासाठी आला, हे बाईला कोणी सांगितलेले नसते. खाते नवऱ्याच्या किंवा दिराच्या मोबाइलला जोडलेले असते, त्यामुळे संदेशही त्यांनाच जातो. मग तो पैसा घराच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून जातो आणि लहान मुलाच्या वाटीपर्यंत पोहोचत नाही. ‘हा पैसा या मुलाच्या दूध-तेलासाठी आहे’ असे एक माणूस समोर बसून आईला, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे सासूला, सांगतो, तेव्हा फरक पडतो. म्हणून ताईंच्या रोख-अधिक-शिक्षण या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

शिध्याच्या पिशवीबद्दल मंडळातील भगिनींना एवढेच सांगावे की पिशवी आम्हीही देतो. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये साध्या मुलासाठी रोज ५०० किलोकॅलरी आणि तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० किलोकॅलरी पूरक आहार ठरवून दिला. त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला खर्च मुलामागे दिवसाला अनुक्रमे ८ आणि १२ रुपये होता. घरी नेलेल्या पाकिटातला हलवा किंवा बर्फीचे मिश्रण घरातली चारही मुले खातात, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. आईने तीन मुलांना उपाशी बघत ठेवून चौथ्याला भरवावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? म्हणूनच रक्कम ठरवताना ती एका मुलापुरती धरू नका. एका मुलापुरती रक्कम दिली तर ती चार वाट्यांत विभागली जाईल आणि एकाही वाटीत पुरेशी पडणार नाही.

आणखी एक अडचण आहे, जी पैशाने सुटू शकते पण शिकवण्याने कधीच सुटणार नाही. केंद्रात चौदा दिवस राहायचे म्हणजे आईची मजुरी जाते. मी पाहिले तेव्हा आईला भरपाई म्हणून रोज १२० रुपये मिळत होते, तर २०२४-२५ मध्ये मध्य प्रदेशातील मनरेगाची मजुरी २४३ रुपये होती. घरी उरलेल्या मुलांची आबाळ होते ती वेगळीच. त्यामुळे कित्येक बायका आठव्या-नवव्या दिवशी मुलाला उचलून निघून जातात. उरलेल्यांनी गावात उसनवारी करून दिवस काढलेले असतात. घरी पोहोचल्यावर पहिला पैसा त्या उसनवारीत जातो. आपली पहिली रक्कम याच कामी लागली तर नाराज होऊ नका, कारण ती फिटल्याशिवाय आई दुसऱ्या दिवशी मुलाजवळ थांबणार नाही, मजुरीवर जाईल आणि बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहील. ती पोर भावाला दिवसभर काय देणार? चहात बुडवलेला टोस आणि पाच रुपयांचा खारा पुडा.

कटोराताल (ग्वाल्हेर)

मी वाचनमात्र असते, पण एक प्रश्न विचारते. उपचारांसाठी शेंगदाण्याची तयार पेस्ट पाकिटातून मिळते असे ऐकले आहे. तीच मुलांना का वाटू नये?

बालवैद्य (ग्वाल्हेर)

अनेक देशांत तीव्र कुपोषणाच्या घरगुती उपचारात तिचा उपयोग सर्रास होतो आणि तो गुणकारी आहे. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारने २०१७ मध्ये तिच्या वापराबाबत पुरेसा पुरावा नसल्याचे राज्यांना कळवले होते आणि त्यावर मतभेद आहेत. खासगी मंडळाने औषधी अन्नाच्या वाटपात पडू नये, असे माझे मत आहे. शिवाय सुटीनंतर पुन्हा घसरण होऊ नये यासाठी घरचे अन्न सुधारणे हाच टिकाऊ मार्ग आहे, कारण पाकिटे कधीतरी थांबतातच.

माळवा (इंदूर)

इकडील अनुभवातून स्थलांतराचा मुद्दा जोडतो. आमच्याकडे झाबुआ आणि अलीराजपूरची कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीला भगोरिया या आदिवासी जत्रेसाठी परततात. मूल कार्तिकात केंद्रातून सुटले, की पुढचे चार महिने ते कोणत्याही यादीत नसते. अंगणवाडीच्या वहीत ‘पलायन’ (म्हणजे स्थलांतर) असा शेरा पडतो आणि विषय तिथेच संपतो.

तुमच्या भागात फाल्गुन-चैत्रात मोहरी आणि गव्हाच्या कापणीला अशीच कुटुंबे मुरैना-भिंडकडे जातात, असे ऐकून आहे. रोख रकमेचा शिध्याहून मोठा फायदा मला इथेच दिसतो, कारण पैसा माणसासोबत जाऊ शकतो. पण शिक्षण आणि तपासणी सोबत कशी जाणार, याचे उत्तर तुमच्या प्रस्तावात अजून दिसत नाही.

न्यायमंदिर (बडोदे)

माळवा यांनी ज्या कुटुंबांचा उल्लेख केला, ती आम्हाला इथे बांधकामांवर दिसतात. अलीराजपूर, दाहोद, छोटा उदेपूर अशा तिन्हीकडची माणसे एकाच ठिकाणी राहतात. गुजरातेत अंगणवाडीतून लहान मुलांसाठी ‘बालशक्ती’ या पूरक आहाराची पाकिटे मिळतात. कायद्याने कोणत्याही मुलाला नाकारायचे नसते, पण आईला ते ठाऊक नसते आणि बांधकामापासून अंगणवाडी कुठे आहे हे तिला कोणी दाखवलेले नसते. आमच्यापैकी काही जणी अशा आयांना हाताला धरून तिथे नेतात. निघताना आईजवळ मुलाच्या उपचारांचा कागद असला, तर पुढचे काम फार सोपे होते. मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत, कशातही लिहिलेला असो. दाखल झाल्याची तारीख, सुटीच्या वेळचे वजन आणि दंडाचा घेर, एवढे पुरे.

जयाजीचौक (ग्वाल्हेर)

पर्यवेक्षिकाताईंच्या लेखनाने माझ्या पहिल्या शंकेचे समाधान झाले. रक्कम कशी द्यावी याबद्दल माझ्या व्यवसायातील अनुभवावरून सुचवतो. पहिली दोन देणी रोखीने, सुटीच्या दिवशी आणि पहिल्या घरभेटीत, आईची सही किंवा अंगठा घेऊन द्यावीत. त्याच काळात मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी तिचे खाते तपासू. केवायसी, आधार, मोबाइल क्रमांक या सगळ्याची दुरुस्ती करून घेऊ आणि तिसऱ्या महिन्यापासून रक्कम खात्यात टाकू. या निमित्ताने अडकलेले आहार अनुदानही सुटले, तर आपल्या सहा महिन्यांनंतरही तिच्या हाती काही राहील. ठरलेली तारीख चुकवू नये. महिन्याच्या पाच तारखेला पैसे येणार हे आईला पक्के ठाऊक असले, तर दूधवाला तिला उधार देतो. तारीख बेभरवशाची असली तर देत नाही.

एक मोह मात्र टाळावा. मुलाचे वजन वाढले तरच पुढचा हप्ता, अशी अट घालण्याची सूचना मंडळात नक्की येईल. ज्या मुलाला जुलाब झाले, त्याचे वजन उतरेल, आणि नेमक्या त्याच घरचा हप्ता आपण थांबवू. हे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

स्वर्णरेखा (लष्कर, ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत ही चर्चा मी छापून नेली होती आणि तिच्या आधारे काही गोष्टी ठरल्या आहेत.

रकमेचा हिशोब मी दालबाजारातील सध्याच्या भावांवरून मांडला. पाव लिटर दूध, एक अंडे, दोन चमचे तेल, मूठभर शेंगदाणे आणि एक केळे, एवढे एका मुलाला रोज द्यायचे तर तीस ते पस्तीस रुपये लागतात, म्हणजे महिन्याला सुमारे हजार रुपये. पर्यवेक्षिकाताईंचे म्हणणे मान्य करून आम्ही ही रक्कम कुटुंबासाठी दुप्पट धरली आहे. त्यामुळे मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या निम्मी होते आणि त्यावर बैठकीत बराच वाद झाला. अधिक मुलांना थोडे-थोडे द्यावे, ही भावना मी समजू शकते. पण ज्या रकमेने घरातील खाणे बदलतच नाही, ती दुप्पट मुलांना वाटून कोणाचे भले होणार, हा प्रश्न मी लावून धरला आणि शेवटी तो मान्य झाला. अंड्याविषयी मंडळातील काही भगिनींचा आक्षेप होता. ज्या घरात अंडे चालते त्या आईला आम्ही अंडे सांगणार आहोत, कारण मूल आणि खाणे दोन्ही त्या घरचे आहेत.

शिकवणारी व्यक्ती वस्तीतलीच असावी, असे ठरले. जिचे स्वतःचे मूल केंद्रातून येऊन आज ठणठणीत आहे, अशा आईला आम्ही मानधन देऊन नेमू, आणि सुरुवातीला मी तिच्यासोबत जाईन. शहरातून आलेल्या बाईने ‘तिरंगा थाळी’चे (तीन रंगांच्या पदार्थांच्या ताटाचे) चित्र भिंतीवर लावून केलेल्या भाषणापेक्षा शेजारणीने आपल्या कढईत करून दाखवलेली घट्ट राबडी अधिक पटते, हे मी केंद्रात वारंवार पाहते. प्रत्येक भेटीत तिने एकच गोष्ट सांगावी. एकदा तेल, एकदा दिवसातून पाच वेळा भरवणे, एकदा आजारपणातले खाणे, एकदा हात धुणे, एकदा मुलाशी बोलत-खेळत भरवणे. घरात खोकणारे कोणी आहे का, हा प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत विचारला जाईल.

मुलांची छायाचित्रे काढायची नाहीत, देणगीदारांनी मागितली तरीही नाहीत, हा निर्णय मी सर्वांत आधी लिहून घेतला. आपले उपाशी मूल कोणाच्या तरी फोनवर फिरत राहावे, असे कोणत्याही आईला वाटत नाही.

न्यायमंदिरताईंनी सांगितलेला कागद आम्ही जाड पुठ्ठ्यावर, हिंदीत करून, प्लास्टिकच्या पिशवीत देणार आहोत. माळवा यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ अजून अर्धेच आहे. चैत कापणीला जाणाऱ्या टोळीतील एका बाईला दंड मोजायची पट्टी वापरायला शिकवून ती सोबत द्यावी, असा विचार आहे. पट्टीवर लाल रंग आला, म्हणजे दंड धोक्याइतका बारीक निघाला, तर तिथल्या जवळच्या केंद्रात कसे पोहोचायचे, हे तिला आधी सांगून ठेवावे लागेल. मुरैना-भिंड भागातील कोणी या धाग्यावर असेल, तर कृपया संपर्कासाठी लिहावे.

पर्यवेक्षिका (मुरार)

ताई, पट्टीचे काम आयांना जमते, ती काळजी नको. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून, घट्ट न ओढता लावायची, एवढे दोन-तीनदा करवून घेतले की पुरे. टोळ्या होळीच्या आसपास निघतात, त्यामुळे हे शिकवणे माघातच उरकायला हवे. त्या सुमारास कोणत्या वस्तीतून किती कुटुंबे निघणार आहेत, याची यादी मी कार्यकर्त्यांकडून मागवून घेते. ज्यांची सुटी नुकतीच झाली आहे, त्यांचे दोन महिन्यांचे पैसे निघण्यापूर्वी एकदम द्यावेत, असे मी सुचवते, कारण शेतावर कियोस्क नसतो आणि कापणीची मजुरी बहुधा धान्यात मिळते, रोकड हाती येत नाही.

जयाजीचौक (ग्वाल्हेर)

दोन महिन्यांची आगाऊ रक्कम देण्यास हिशोबाच्या दृष्टीने काही अडचण नाही. यादी मिळाली की प्रत्येक नावापुढे सुटीची तारीख लिहून पाठवा, म्हणजे कोणाचा कितवा हप्ता चालू आहे ते मला वहीत लावून ठेवता येईल.